टिचबटणाचं घर कुठलं?

मंडळी, पोलक्यावर लेस, हूक आणि टिचबटण एकाच सुईनं बसतात. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात मात्र लेस ५८ व्या प्रकरणात, धातूचा हूक ८३ व्या आणि टिचबटण, तेही धातूचंच असलं तरी, ९६ व्या, म्हणजे ‘संकीर्ण’ वस्तूंत!

ही प्रकरणं जगभर सारखी, ती आपल्याला बदलता यायची नाहीत. दर मात्र दिल्लीच्या हातात. दर वेगळे असले की वर्गवारीचे वाद आलेच. मोठा आयातदार वकील देईल. भुलेश्वरचा छोटा व्यापारी चढा दर भरून मोकळा होईल, आणि तो पडेल लालबागेत घरी शिवणकाम करणाऱ्या बाईवर. १९८२ च्या संपानंतर कितीतरी घरं त्या यंत्रावरच तगली.

म्हणून म्हणते, शिवणाच्या डब्यातल्या साऱ्या वस्तूंना एकच दर लावा. मग भांडायचं कशासाठी? तुम्हाला काय वाटतं?