चाकाचे वजन आणि चाकाचा ताण

सायकलचे चाक हा विषय साहित्यचर्चेत कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर थोडक्यात असे: रथाच्या तुंब्यात बसवलेल्या आऱ्यांचा दृष्टान्त उपनिषदांत आहे आणि तो आपण वर्गात शिकवतो. शिकवणाऱ्याला आरे काय काम करतात हे ठाऊक असावे, ही अपेक्षा गैर नव्हे. पण आमचा मुख्य वाद त्यांच्याशी नाही. तो रोड बाइकसाठी वरच्या दर्जाची चाके निवडताना वजनाच्या आकड्यापलीकडे काहीही न वाचणाऱ्या सुशिक्षित ग्राहकाशी आहे. हा ग्राहक बहुधा आपल्यातलाच, प्राध्यापकी वा नोकरीच्या पगारावर चाळिशीत सायकलीकडे वळलेला असतो. पुस्तक वजनावर जोखणाऱ्याला तो हसतो आणि चाक मात्र वजनावरच घेतो.

आधी चाक म्हणजे काय ते पाहू. बैलगाडीच्या चाकात भार लाकडी आऱ्यांवर दाबाने येतो आणि बाहेरून तापवून चढवलेली लोखंडी धाव सगळ्यांना आवळून धरते. सायकलच्या चाकात याच्या उलट घडते. तिथली तार दाब सोसू शकत नाही. ती फक्त ओढ सोसते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवतात आणि खाली आलेल्या तारांचा ताण थोडा सैल होऊन चाक भार पेलते. जेम्स स्टार्लीने १८७४ साली तारा तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या बसवण्याचे पेटंट घेतले. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात चाकाच्या या ताणाची सविस्तर मांडणी केली. तेव्हा चाकाचा कस त्याच्या सुट्या भागांइतकाच त्यांच्यातील समतोल ताणावर ठरतो. हा ताण बांधणाऱ्याच्या हाताने येतो. तो एका बाजूच्या तारा छेडून त्यांचा सूर जुळतो का ते ऐकतो, जोडीने दाबून त्यांचा पीळ मोडतो आणि पुन्हा आउट काढतो. वजनाच्या आकड्यात यातले काहीच उतरत नाही.

आता त्या आकड्याचा हिशोब. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरा. चाकाच्या जोडीत २०० ग्रॅम वाचले, तर चढावर एका लयीत जाताना फायदा चारशेत एक. वेग वाढवताना रिमवरचे वजन फार तर दुप्पट मोजावे लागते. म्हणजे दोनशेत एक. यासाठी माणसे तारांची संख्या वीसपर्यंत खाली आणतात. बत्तीस तारांच्या चाकातली एक तुटली, तर शेजारच्या सैल करून घर गाठता येते. वीस तारांच्या मागच्या चाकातली तुटली, तर चाक इतके वाकडे फिरते की बहुतेक वेळा सायकल हातात धरून चालावे लागते.

चाक कोणत्या रस्त्यासाठी, हा प्रश्न म्हणूनच पहिला. गडमुडशिंगीहून हुपरीकडे जाणारा रस्ता घ्या. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एरवी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीकडची वर्दळ, पावसाळ्यात चिखल आणि पाण्याखाली दडलेले खड्डे. या रस्त्यावरच्या ऐंशी किलोच्या स्वाराला आम्ही मागे ३२ आणि पुढे २८ तारा सुचवू. त्या मध्ये बारीक व टोकांना जाड असाव्यात. अशा तारा किंचित लवतात आणि वाकणाजवळ लवकर तुटत नाहीत. निपल पितळी, कारण ॲल्युमिनियमचे पावसात गंजून जाम होतात. रिम आतून २१ मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि टायर २८ किंवा ३०. बेअरिंग बाजारात नंबराने मिळणारे.

उलट बाजूही मान्य केली पाहिजे. उंच कडांचे कार्बन रिम वेगात वारा कापतात, हे खरे आहे. शर्यतीत उतरणाऱ्याला ते हवेत आणि कारखान्यात जुळलेली चाके वाईट असतात असेही नाही. पण त्यांतल्या अनेकांची तार त्याच कंपनीची, त्याच मापाची लागते. ती तुटली की जवळच्या मेस्त्रीचे कौशल्य निरुपयोगी ठरते आणि पार्सलची वाट पाहावी लागते. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. अशी प्रत्येक खरेदी गावातल्या एका हाताचे काम कमी करते. काम गेले की हात जातो, आणि हाताबरोबर 'आउट काढणे'सारखा शब्दही जातो.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडाने कोल्हापुरी पायताणासारखी चप्पल मिलानच्या मंचावर आणली, तेव्हा आपण सगळे कारागिरांच्या श्रेयासाठी पेटून उठलो. ते योग्यच होते. पण तोच आपला संतप्त वाचक हजारोंची चाके निमूट विकत घेतो आणि आउट काढण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो. बाबूराव पेंटरांचे मूळ आडनाव मेस्त्री होते. १९१८ मध्ये त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बांधला, याचा अभिमान मिरवणाऱ्या कोल्हापुरात मेस्त्रीचे काम कलेहून हलके मानण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तेव्हा नवी चाके घेण्याआधी विक्रेत्याला वजन विचारा, हरकत नाही. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. ही कोणी बांधली? ही तार उद्या कोल्हापुरात मिळेल का? पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा कोण पाहणार? उत्तरे मिळाली नाहीत, तर रिम, हब आणि तारा सुट्या घ्या, जाणत्या मेस्त्रीकडे न्या, आपले वजन व आपला रस्ता त्याला सांगा आणि तो मागेल ती मजुरी द्या.