पोटावरची पिशवी आणि सोयरिकीची बोलणी



वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षण, नोकरी, उंची, जिल्हा सगळे लिहिले जाते. पोटजातीचा रकाना काढून टाका, असा आग्रह आम्ही वर्षानुवर्षे धरत आलो आहोत. पण एका गोष्टीबद्दल मेळाव्यात कोणी बोलत नाही आणि घरातही कुजबुजच चालते. ती म्हणजे ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावावी लागणाऱ्या मुलामुलींचे लग्न.

आधी ही पिशवी म्हणजे काय ते समजून घेऊ. गुदाशयाचा कॅन्सर, आतड्याचा टीबी, टायफॉइडने आतड्याला पडलेले छिद्र, अपघात किंवा आतड्याला सतत होणारे व्रण यांमुळे कधी कधी डॉक्टरांना आतड्याचे तोंड पोटावर आणावे लागते. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी. लघवीसाठी वाट काढली तर युरोस्टोमी. काहींचा स्टोमा काही महिन्यांनी बंद करता येतो, काहींचा जन्मभर राहतो. स्टोमा लाल व ओलसर दिसतो, पण त्याला हात लावला तरी दुखत नाही. पिशवी निम्मी भरण्याच्या आत संडासात जाऊन रिकामी करायची आणि काही दिवसांनी बदलायची. पिशवी नीट बसली असेल तर वास बाहेर येत नाही. हा संसर्गजन्य रोग नव्हे. अशी माणसे नोकरी करतात, लोकलने प्रवास करतात, आंघोळ करतात, संसारही करतात. पिशवी असलेल्या अनेक स्त्रिया आई झालेल्या आहेत. काही ऑपरेशनांत नसांना धक्का लागून पतिपत्नीच्या संबंधांत अडचण येऊ शकते. त्याबद्दल लाज न बाळगता सर्जनलाच विचारावे.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात इलिओस्टोमी झालेली मुलगी आहे. पॅकिंगच्या कामावर जाते, स्वतःच्या पायावर उभी आहे. स्थळ आले तेव्हा आत्या म्हणाली, "आत्ता काही बोलू नका. लग्न झाल्यावर कळेल हळूहळू." मुलगी म्हणाली, "आत्या, दिवसातून पाच-सहा वेळा पिशवी रिकामी करावी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत मी ती कुणापासून लपवू?" तिने मुलाला स्वतः सांगितले. त्या घरून नकार आला. नकाराचे तिला फारसे दुःख झाले नाही. दुःख झाले ते पुढच्या आठवड्यात, नळावरच्या बायका तिच्या पोटाकडे बघू लागल्या तेव्हा. दुसऱ्या स्थळाची बोलणी सध्या चालू आहेत. तिथेही तिने आधीच सांगितले आहे.

आमच्या मते तिचा मार्ग बरोबर आहे. मात्र सांगण्यालाही रीत हवी. फॉर्मवर लिहू नये आणि मेळाव्याच्या माइकवरून तर मुळीच सांगू नये. पहिल्याच भेटीत चहाच्या कपाबरोबर सांगितले पाहिजे असेही नाही. दोघांची मने जुळत आहेत असे वाटले की सांगावे, पण सुपारी फुटण्यापूर्वी, हॉलचे पैसे भरण्यापूर्वी. कामावर किंवा कॉलेजात स्वतः जमवलेल्यांनीही हाच नियम पाळावा. आणाभाका होण्यापूर्वी बोलावे. सांगायचे ते जिचे किंवा ज्याचे शरीर आहे त्यानेच. मध्यस्थाच्या तोंडून गेलेली गोष्ट तिसऱ्या घरी पोचेपर्यंत वेगळीच झालेली असते. ऑपरेशन कशासाठी झाले, आता तब्येत कशी आहे, पिशवीचे काय करावे लागते, दरमहा खर्च किती येतो, एवढे चार वाक्यांत सरळ सांगावे. रडून सांगू नये, माफी मागून तर नाहीच. आजार हा गुन्हा नव्हे.

लपवण्यात आणखी एक धोका आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असे सिद्ध झाले तर त्यातील कलम १२ प्रमाणे विवाह रद्द होऊ शकतो. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज करता येतो. म्हणजे आत्याबाईंच्या शहाणपणाने मुलीचे लग्न होईल, आणि कोर्टाच्या पायऱ्याही तिलाच चढाव्या लागतील.

आता ऐकणाऱ्यांची जबाबदारी. नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकण्याचा हक्क कोणालाही नाही. शंका असेल तर मुलाने आणि मुलीने बरोबर जाऊन डॉक्टरांना विचारावे. आणि सून आजारी निघाली तर तिला माहेरी पाठवणारे, पण मुलगा आजारी असला तर सुनेने सेवा करावी म्हणणारे घर असेल, तर त्या घराने वंदना कशासाठी म्हणायची याचा विचार करावा.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर निजवले. जगाला धम्म देणाऱ्याला त्या घाणीची किळस आली नाही. मग स्वच्छ, बंद पिशवीची किळस आपण का करावी?

खोटे न बोलण्याचे शील आपण दर पौर्णिमेला विहारात घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. मात्र मुलीने खरे बोलावे असे वाटत असेल, तर खरे ऐकल्यावर तिची बदनामी न करणारी वस्तीही आपणच तयार केली पाहिजे. विहारांच्या वधू-वर समित्यांनी पुढच्या बैठकीत एवढा एक ठराव करावा: उमेदवाराच्या आरोग्याची माहिती समितीच्या तोंडून बाहेर जाणार नाही.

जयभीम.