कारखाना हलवाल, कामगाराचे काय?

डोंबिवली एमआयडीसीत 2016 मध्ये प्रोबेस आणि 2024 मध्ये अमुदान कंपनीत भीषण स्फोट झाले, तेव्हा जोर धरला तो धोकादायक कारखाने हलवण्याच्या मागणीने. मागणी रास्त आहे. पण कारखाना कुठेही नेला तरी रिॲक्टरपाशी कामगार उभा राहणारच आणि आपण काय हाताळतो आहोत हे त्याला ठाऊक असायलाच हवे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन माहितीचा आणि प्रशिक्षणाचा हक्क कामगाराला मिळाला. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे रुजू होताना ऐकवलेले भाषण आणि रजिस्टरवरची सही. ड्रमवरची सूचना इंग्रजीत, डेटा शीट ऑफिसच्या कपाटात आणि ड्रम हलवणारा कंत्राटी हेल्पर ओडिशाहून किंवा बिहारहून आलेला.

नुसते सांगून भागत नाही, सराव लागतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो एवढेच ऐकलेला माणूस, वास थांबला की धोका टळला असे समजेल. वास्तविक वायूचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. टाकीत कोसळलेल्या सहकाऱ्याला काढायला तोंडाला रुमाल बांधून उतरणारा म्हणूनच जिवाला मुकतो. तिथे शुद्ध हवा पुरवणारे उपकरण लागते आणि ते झटपट चढवता यावे लागते. भोपाळच्या त्याच कारखान्यात 1981 च्या डिसेंबरात अंगावर फॉस्जीन उडालेल्या कामगाराने घाबरून मास्क काढला आणि त्याचा मृत्यू झाला. तशा क्षणी हात काय करतील, हे आधी किती वेळा करून घेतले आहे त्यावर ठरते.

कंत्राटी माणूस चार महिन्यांत निघून जातो, त्याच्यावरचा खर्च वाया जातो, असे कारखानदार म्हणतात. पण तो जातो बहुधा शेजारच्याच कारखान्यात. तेव्हा वसाहतीतल्या कारखान्यांनी मिळून हा खर्च उचलावा. याहून वजनदार आक्षेप असा, की प्रशिक्षणाच्या नावाखाली अपघाताचे खापर कामगारावर फुटते. तो खोटा नाही. भोपाळमध्ये वायू सुटला तेव्हा टाकीची शीतकरण यंत्रणा बंद होती. तिथे कामगार कितीही शिकलेला असता तरी काय करणार होता? म्हणून काम कधी थांबवायचे हेही शिकवले पाहिजे, आणि थांबवणाऱ्याची रोजी जाणार नाही याची हमी मालकाने लेखी दिली पाहिजे. तपासणीला येणाऱ्या निरीक्षकाने सह्यांचे रजिस्टर बाजूला ठेवून हेल्परलाच त्याच्या भाषेत विचारावे: या ड्रममध्ये काय आहे, डोळ्यांत उडाले तर पाणी कुठे आहे, गळती झाली तर कोणत्या दिशेने पळशील? उत्तर आले नाही, तर त्या माणसाला त्या कामावर उभे करण्याची परवानगी मालकाला असू नये.