चैत्रातील रंगांतर

परदेशी पाहुणे पक्षी पाहावेत ते पौष-माघात, असा सर्वसाधारण समज आहे. थव्यांच्या संख्येपुरता तो खरा असेल, रूपापुरता नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येणारा छोटा टिलवा माघात पाहिला, तर वरून राखी आणि खालून पांढरा. चिमणीएवढ्या या जिवाकडे पुन्हा वळून पाहावे असे त्यात काही नसते. तोच टिलवा महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास पाहावा. पाठीवर तांबूस किनारीची काळी पिसे उगवू लागलेली असतात, त्यांवर दोन फिकट रेघा उमटतात, गळ्याच्या बाजूंना तांबूस छटा चढते. अक्षय्य तृतीयेपर्यंतचे हे वीसेक दिवस साधले तर साधले. पुढे बहुतेक थवे उत्तरेकडे निघून गेलेले असतात.

भोरजवळ वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी याच दिवसांत ओसरते आणि वरच्या अंगाला चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात. वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पानशेत-वरसगावचे काठ बहुतांशी उताराचे. तेथे असा चिखल कमी. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची विटकरी झालेली मान पाहायची असेल, तर मात्र उजनीच्या पाण्यावर भिगवणला जावे.

हा रंग वरून चढत नाही. जुने पीस गळून त्या जागी नवे येते, आणि ते एकेक करून येते. म्हणून चैत्रातला टिलवा अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतो. टुंड्रातील शेवाळात अंड्यांवर बसल्यावर हीच तांबूस-काळी पाठ त्याला लपवते. नवी पिसे घडवायची आणि हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबीही साठवायची, हा दुहेरी खर्च पंचवीस-तीस ग्रॅमच्या देहाला करायचा असतो. त्यासाठीची जमा आपल्या चिखलातल्या अळ्या-किड्यांतून होते. हौसेने कोणी पाण्याच्या कडेपर्यंत मोटार नेली की थवा उडतो, आणि साठवलेले उडण्यातच खर्ची पडते. छायाचित्रासाठी थवा मुद्दाम उडवणाऱ्यांना काय म्हणावे, ते मी लिहीत नाही.

दुर्बीण घेऊन, सूर्य पाठीशी ठेवून, दूर एका जागी बसावे. पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात. बसण्याच्या जागेपर्यंत जाताना मात्र नजर आकाशात नको. आपल्या साधु-साध्वींच्या ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. या काठावर तो नियम श्रावकानेही पाळावा. कारण पाहुणे अंडी घालण्यासाठी उत्तरेला निघालेले असताना, आपली टिटवी इथेच उघड्या खड्यांत अंडी घालते. घरटे म्हणजे नुसता खळगा. मातकट, काळ्या ठिपक्यांची ती अंडी दोन हातांवरूनही खडेच वाटतात. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर आल्या पावली मागे फिरावे. आषाढात धरण भरू लागले की ही पट्टी पाण्याखाली जाते. तोवर तिच्या पिलांना पंख फुटलेले असावे लागतात.