आंबले, पण भाजले नाही

गेल्या हिवाळ्यात आमच्या सिल्लोडच्या आठवडी बाजारात, मिरची आणि भाजीपाल्याच्या गर्दीत, एका तरुणाने पावाची हातगाडी लावली. गाडीवर फलक होता : 'सावरडो पाव. विकतचे यीस्ट नाही. पचायला हलका.' त्याच आठवड्यात ग्रहणीच्या एका जुन्या रुग्णाने मला विचारले होते, "डॉक्टरसाहेब, तो आंबवलेल्या पिठाचा पाव मला चालेल का?" वस्तू स्वतः पाहिल्यावाचून उत्तर देणे प्रशस्त वाटेना, म्हणून १२० रुपये देऊन एक पाव घरी आणला.

पाव देखणा होता. कवच तांबूस, वास किंचित आंबूस व रुचकर. परंतु कापावयास घेताच सुरीला ओली कणीक चिकटून आली. आत जाळीऐवजी दमट, चिवट गोळा होता. बोटाने दाबला की खळगा तसाच राही. तरीही दोन काप खाल्ले आणि रात्रीपर्यंत उदरगौरव व आंबट ढेकर यांचा अनुभव घेतला.

पुढील बाजारी त्या तरुणास विचारले. तो प्रांजळ निघाला. "साहेब, पीठ मी रात्रभर आंबवतो, त्यात कसूर नाही. पण भट्टीत जास्त ठेवला तर वरून काळपट होतो, गिऱ्हाईक करपला म्हणतं. शिवाय वजनही घटतं." या उत्तरात मला आपल्याच व्यवसायाचे प्रतिबिंब दिसले. ते वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधी निर्मात्यांपुढे ठेवणे, एवढेच या लेखाचे प्रयोजन.

प्रथम पावाचा विचार. या पावाचे पीठ फुगते ते त्यात स्वभावतः असणाऱ्या किण्वामुळे व आम्लकारी जीवाणूंमुळे. ही रीत परकी मानण्याचे कारण नाही. गोव्यातील पोदेर पूर्वी माडाची सूर घालून पीठ फुगवीत. आपल्या घरी इडली, आंबोळी होतेच. आंबल्याने पिठातील फायटिक आम्ल घटते, हेही खरे. परंतु त्यामुळे गव्हाचे गुरुत्व संपत नाही, आणि सीलिएक व्याधीच्या रुग्णास गव्हाचा असा पाव वर्ज्यच राहतो. 'आंबवलेले म्हणजे हलके' हे समीकरण आपण रुग्णांच्या मनातून काढले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचे असे की, आंबणे हा अर्धाच संस्कार आहे. उरलेला अर्धा अग्नीचा. पावाच्या गाभ्याचे तापमान सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्यावाचून त्याची घडण नीट बसत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहाराची आठ आयतने सांगताना प्रकृतीपाठोपाठ 'करण', म्हणजे संस्कार, सांगितला. त्या पावावर कालाचा संस्कार झाला होता, अग्नीचा अपुरा राहिला. न शिजलेल्या अन्नाला आपण 'आम' म्हणतो आणि जाठराग्नीच्या मांद्याने जे अपक्व राहते त्यालाही 'आम'च म्हणतो. बाहेरच्या अग्नीने सोडलेले काम आतल्या अग्नीवर पडते, आणि ग्रहणीच्या रुग्णाचा तोच अग्नी दुर्बल असतो.

आमच्या भागातील गृहिणी कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून आंबवते. पण चीक शिजल्याची खूण पटल्याखेरीज पातेले उतरवीत नाही. त्यासाठी तिला घड्याळ लागत नाही. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडात लेह, स्नेह व संधान यांना स्वतंत्र अध्याय आहेत, आणि तेथेही भर अशा खुणांवरच आहे. लेहाला तार यावी, तो पाण्यात बुडावा, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटावी. स्नेहातील कल्काची वात वळावी व ती अग्नीत टाकल्यास तडतडू नये. तेलावर फेस यावा, तुपावरील फेस शमावा. हे आपण सर्वांनी पदवीच्या परीक्षेत लिहिले आहे. प्रश्न आहे तो चुलीपुढे आपण ते पाळतो का, हा.

येथे दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, मी माझ्या रुग्णांसाठी दवाखान्यात वासावलेह करीत होतो. बाहेर रुग्ण खोळंबले होते. लेहाला तार नीट येत नव्हती. पाण्यात टाकलेला थेंब पसरत होता. 'निवल्यावर घट्ट होईल' अशी मनाची समजूत घालून मी पातेले उतरविले. पंधरा दिवसांनी एक माता बरणी घेऊन आली. वर हिरवट बुरशी होती. ती रागावली नाही. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, वरचं काढून चार दिवस तसंच चाटवलं लेकराला. औषध आहे, वाया कशाला घालवायचं?" मुलास अपाय झाला नाही, हे माझे दैव, माझे कौशल्य नव्हे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास निर्मितीच्या परवान्यातून सूट आहे. कारखान्यांना मात्र सन २००० पासून 'शेड्यूल टी'चे नियम लागू आहेत. आपल्या चुलीपाशी निरीक्षक येत नाही. म्हणून तेथे आपणच आपले निरीक्षक असावयास हवे.

कारखान्यांची स्थिती सर्वत्र निर्दोष आहे असेही नाही. टोपण फुगलेली, उघडताच फसफसून उतू जाणारी अरिष्टाची बाटली आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. संधान पुरे होण्यापूर्वीच ती भरली गेली, हे सांगावयास प्रयोगशाळा लागत नाही. कारणे त्या पाववाल्याचीच आहेत : वेळ वाचतो, वजन भरते, आणि ग्राहक केवळ बाह्यरूप पाहतो.

औषधी निर्माते यावर म्हणतील, "अधिक आटवले तर इंधन वाढते, माल घटतो, आणि वैद्य मात्र स्वस्त बरणी मागतात." हा आक्षेप खरा आहे. दरात घासाघीस करणारे आपणच वैद्य आहोत. सम्यक् पाक हवा असेल तर त्याचे मोलही दिले पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक पाकाच्या नोंदवहीत केवळ वेळ व तापमान न लिहिता सिद्धिलक्षणे प्रत्यक्ष पाहून लिहावीत आणि पाहणाऱ्याने खाली स्वाक्षरी करावी. आर्द्रता व सामू मोजणारी उपकरणे जरूर वापरावीत. परंतु ती डोळ्यांच्या जोडीला, डोळ्यांऐवजी नव्हे. दुसरी, अरिष्ट गाळण्यापूर्वी बुडबुड्यांचा आवाज थांबला आहे का आणि पात्राच्या तोंडाशी धरलेली ज्योत विझत नाही ना, हे पाहावे. ठरलेला दिवस उजाडला म्हणून पात्र उघडू नये. तिसरी, वैद्यांनी प्रत्येक खेपेतील एक बाटली उघडून पाहावी व अपक्व माल कारण लिहून परत करावा. मुकाट्याने दुसऱ्या निर्मात्याकडे वळल्याने कोणीच सुधारत नाही.

त्या रुग्णास मी "तूर्त नको, ज्वारीची भाकरीच बरी" असे सांगितले. पाववाल्याने मात्र विचारले, "मग पूर्ण भाजला हे ओळखायचं कसं?" पाव उलटा करून तळाशी टिचकी मारावी, पोकळ आवाज यावा, आणि निवल्याखेरीज कापू नये, एवढे त्याला सांगितले. पुढच्या बाजारी त्याच्या गाडीवरील पाव अंमळ काळपट दिसले. मी एक विकत घेतला. या वेळी सुरी स्वच्छ निघाली.

अलमिति विस्तरेण.