शिवणीतली माया

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत जुनं नाशिक रात्रभर जागं असतं. तरावीहची नमाज झाली की दूध बाजार, भद्रकाली, मेन रोड या भागात पाय ठेवायला जागा उरत नाही. या गर्दीत एक वाक्य हमखास कानावर येतं. एखाद्या मुलीने शरारा अंगाला लावून पाहिलेला असतो आणि सोबतची खाला किंवा फुप्पी म्हणते, "तुझ्या अंगाला हे शोभणार नाही, आधी बारीक हो." मुलगी शरारा मुकाट्याने ठेवून देते.

माझं म्हणणं एवढंच आहे की कपडा अंगावर बेतायचा असतो, अंग कपड्यावर नाही. आपल्या आज्या-नान्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही, कारण त्यांचे कपडे शिंप्याकडे माप देऊन शिवले जात. आता तयार कपड्याच्या कॉलरवरची एम, एल, एक्सएल ही अक्षरं आपली लायकी ठरवतात. ही मापं आली कुठून? आपल्याकडच्या अनेक कंपन्या वर्षानुवर्षं ब्रिटन-अमेरिकेचे तक्ते थोडे इकडेतिकडे करून वापरत आल्या. भारतीय शरीरांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून 'निफ्ट' या संस्थेने सहा शहरांत २५ हजार लोकांची मापं घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, तोही गेल्या काही वर्षांत. म्हणजे खांद्यात बसणारा कुर्ता कमरेत अडकला, तर त्यात त्या मुलीचा दोष काय?

त्यात आता फळांची भर पडली आहे. कुणी 'पेअर', कुणी 'अ‍ॅपल'. नाशिक द्राक्षांचं गाव आहे, फळांचं आम्हाला कौतुकच आहे. पण बाई म्हणजे फळांची पेटी नव्हे. कुठल्या अंगावर काय खुलतं हे सांगायला फळांची गरज नाही. एक साधा नियम पुरतो: कपड्याची रेघ जिथे संपते तिथे बघणाऱ्याची नजर थांबते.

म्हणून कुल्हे भरलेले असतील तर कुर्ता तिथेच संपू नये. तो बराच खाली जावा किंवा कळीदार असावा, आणि भरतकाम खांद्याजवळ, गळ्याजवळ यावं. मांड्या भरलेल्या असतील तर गराऱ्यापेक्षा शरारा सोयीचा, कारण शराऱ्याचा घेर कमरेपासून सुटतो. गरारा मात्र गुडघ्यापर्यंत अंगालगत असतो. उंची कमी असेल तर गराऱ्याच्या गुडघ्यावरचा रुंद गोटा पायाचे दोन तुकडे करतो. तो बारीक आणि कापडाच्याच रंगाचा घ्यावा. पोट सुटलेलं असेल तर छातीखाली जोड असलेली अनारकली आणि जॉर्जेट, क्रेपसारखं खाली पडणारं कापड बरं. ताठ ब्रोकेड आणि फुगणारं टिश्यू टाळावं. हेच ताठ कापड सडपातळ अंगावर मात्र खुलून दिसतं. लग्नात येवल्याची पैठणी नेसायची असेल तर ठेंगण्या बाईला बारीक काठ आणि उंच बाईला रुंद काठ, हे जुन्या बायका नजरेनेच ओळखत.

मासिकांतला सल्ला आपल्या अनेक घरांत आणखी एका ठिकाणी तोकडा पडतो. तिथे गळ्याच्या आकारावर पानंच्या पानं लिहिलेली असतात. पण जी हिजाब घेते किंवा ओढणी खांद्यावर पसरून घेते, तिच्या गळ्यावरचं महागडं जरीकाम दिसणार कुणाला? तोच खर्च बाह्यांवर आणि खालच्या घेरावर केला तर सार्थकी लागतो.

आणि पुरुषांचं काय? ईदला ईदगाह मैदानावर किती पठाण्या पोटावर ताणलेल्या दिसतात! त्यांना कुणी म्हणत नाही, "भाईजान, आधी बारीक व्हा." त्यांनी बारीक व्हायची गरज नाहीच. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसवून पोटावर थोडा सैल ठेवलेला लांब कुर्ता घातला की झालं. पुरुषांना मिळणारी ही सूट मुलींनाही मिळावी, एवढंच.

यात गंभीर बाब वेगळीच आहे. ईदच्या ड्रेसमध्ये मावायचं म्हणून सहरीत एक खजूर आणि इफ्तारला पाणी घेऊन उठणाऱ्या मुली आपल्या घरांत आहेत. रोजा इबादत आहे, डाएट नव्हे. इस्लाममध्ये सजण्याला मनाई नाही. इबादतीच्या वेळी शोभेचा पेहराव करा असं कुरआन सांगतं आणि त्याच आयतीत उधळपट्टी नको असंही सांगतं. चांगला कपडा, चांगली चप्पल आवडणं हा गर्व आहे का, असं एकाने पैगंबरांना विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. उत्तराचा आशय असा की अल्लाहला सौंदर्य आवडतं; गर्व म्हणजे सत्य नाकारणं आणि माणसांना तुच्छ लेखणं. आता सांगा, दुकानात उभ्या असलेल्या त्या दोघींपैकी गर्व कुणाकडे आहे?

शिंपी परवडत नाही, वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. मग तयार कपडा घ्या, पण अंगाचा जो भाग सर्वांत भरलेला आहे त्याला बसेल असा घ्या आणि बाकीचा आत घेऊन घ्या. आपल्या मोहल्ल्यांत घरी मशीन चालवणाऱ्या बायका हे काम सफाईने करतात, आणि चार पैसे त्यांच्या घरात जातात. अट एकच: विकत घेण्याआधी कपडा उलटा करून शिवण बघा. शिवणीत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्या मराठीत 'माया' म्हणतात. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, वय वाढल्यावर अंग बदलतं; माया असेल तर तोच जोडा पुढच्या तीन-चार ईदना उपयोगी पडतो आणि उधळपट्टीही टळते.

अर्धा रमजान उलटला की शिंपी ऑर्डर घेणं बंद करतात. म्हणून शाबान महिन्यातच माप देऊन या. आणि मुलीला सोबत नेलंत तर शिंप्याला एवढंच सांगा: हिच्या अंगाप्रमाणे बेता, आणि माया जरा जास्त ठेवा.