स्पर्धेनंतरचे पावसाळे

ऑगस्ट 2019 मध्ये पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपचा पहिला क्रमांक बार्शी तालुक्यातल्या सुर्डी गावाने मिळवला. 75 लाख रुपयांचे बक्षीस सोलापूर जिल्ह्यात आले आणि ‘कायमचा दुष्काळी’ हा शिक्का सांभाळत जगणाऱ्या या जिल्ह्याला छाती भरून श्वास घ्यायला एक कारण मिळाले. स्पर्धेची मुदत 8 एप्रिल ते 22 मे, म्हणजे 45 दिवसांची होती. सोलापूरचे एप्रिल-मे ज्याने अंगावर घेतले आहेत, त्याला त्या दिवसांत टिकाव मारण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पहाटे किंवा रात्री दिव्याच्या उजेडात माळावर जमणारी माणसे, पाट्यांची साखळी धरलेल्या बायका, नोकरीच्या गावाहून सुट्टी काढून आलेली मुले, 1 मेच्या महाश्रमदानाला शहरांतून आलेले जलमित्र, हे सगळे त्या काळात जिल्ह्यातल्या अनेक गावांनी पाहिले. त्यात आपल्यापैकी पुष्कळ जण होते. कोणी हायड्रोमार्करने समतल रेषा आखून दिली, कोणी सांडव्याची पातळी काढली, कोणी मोजमापवही भरली.

या संपादकीयाचा विषय त्या 45 दिवसांच्या पुढचा आहे. त्यानंतर सात पावसाळे पूर्ण झाले आणि आठवा आता परतीच्या वाटेवर आहे.

सलग समतल चर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच गाळाने भरू लागतो. हे चराचे अपयश नाही, त्याने काम केल्याची ती खूण आहे. जी माती ओढ्यात गेली असती ती चरात थांबली. पण भरलेला चर रिकामा केला नाही, किंवा त्याच्या मातीच्या वरंब्यावर गवत बसवले नाही, तर पुढच्या मोठ्या पावसात पाणी सगळ्यात खालच्या जागेवरून उसळते, तिथे घळ पडते, आणि एक चर फुटला की त्याखालचे चर एकामागून एक जातात. माती नाला बांधाचे तसेच. भरावावर बाभळी उगवतात, त्यांच्या मुळांवाटे पाझर सुरू होतो. घुशी बिळे करतात. दगडी पिचिंगचे दगड कोणाच्या तरी गोठ्याच्या पायात जातात. सांडव्याच्या तोंडाशी काटेरी झुडपे आणि गाळ साचून पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहते, आणि मग एका रात्रीत बांध राहत नाही. भीमा आणि सीना यांच्यावरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा सगळा उपयोग पावसाळा सरता सरता बर्गे वेळेवर बसवण्यावर असतो. बर्गे गंजलेले, रबर फाटलेले, काही चोरीला गेलेले असले, तर सिमेंटच्या खांबांमधून पाणी जसे येते तसे निघून जाते.

ही सगळी किरकोळ कामे आहेत. एका गावात वर्षाला काही दिवसांची. तरीही ती होत नाहीत, कारण त्यांना ना उद्घाटन असते, ना क्रमांक, ना निधीचे शीर्षक. आपल्या क्षेत्राने गेली दहा वर्षे स्वयंसेवेची सगळी ताकद खोदण्यावर लावली. किती घनमीटर काम झाले, किती टीसीएम साठा ‘निर्माण’ झाला, हेच आपल्या अहवालांचे पहिले पान. त्या साठ्यापैकी पाच वर्षांनी किती उरला याचा रकाना कोणत्याच प्रपत्रात नाही. माझे स्पष्ट मत आहे की येथून पुढे लोकांच्या श्रमाची पहिली मागणी देखभालीसाठी झाली पाहिजे आणि नवे खोदकाम त्यानंतर आले पाहिजे. ज्या गावाने आपले जुने काम सांभाळले नाही, त्याच्यासाठी नवा आराखडा करायला आपण नकार द्यायला शिकले पाहिजे.

सोलापूरला तरी हे नवे वाटू नये. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, अनुयायांच्या श्रमांतून तलाव खोदला अशी परंपरा आहे. शरण चळवळीत कष्टाला जे स्थान होते, त्याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा. पण इतकी शतके तो तलाव नकाशावर टिकला तो केवळ खोदला गेला म्हणून नाही. त्याच्या मधोमध देवस्थान आहे, दरवर्षी संक्रांतीला नंदीध्वज निघतात, सम्मती कट्ट्याजवळ अक्षता पडतात, आणि त्यामुळे तलावाचे पाणी खराब झाले की शहरात आरडाओरडा होतो. त्याला विचारणारी माणसे आहेत. शहराच्या ईशान्येला इंग्रजांच्या काळात आदिला नदीवर एकरुखचा तलाव बांधला, 1871 मध्ये तो पूर्ण झाला. हिप्परग्याचा तलाव म्हणून आपण ओळखतो तो हाच. त्याला सुरुवातीपासून एक खाते, एक अभियंता, एक नोंदवही होती. गावातल्या नाला बांधाला यांपैकी काहीच नाही. रोजगार हमीच्या काळापासून, 1972 च्या दुष्काळापासून, जिल्ह्यात पाझर तलाव आणि नाला बांध होत आले. काम पूर्ण झाले की ते ग्रामपंचायतीकडे ‘हस्तांतरित’ होते, आणि हस्तांतराच्या कागदानंतर त्याला कोणी वाली उरत नाही.

पण सगळे बांध नीट राखले तरी अर्धाच प्रश्न सुटतो. दुसरा अर्धा हिशेबाचा आहे, आणि तो मांडताना आपण लोकांसमोर बिचकतो.

सोलापूर जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साधारण साडेपाचशे मिलिमीटर. एक हजार हेक्टर शिवाराचे गाव घ्या आणि हातचे राखून 500 मिलिमीटर धरा. वर्षभरात त्या शिवारावर पडणारे एकूण पाणी 500 कोटी लिटर होते. यातला मोठा भाग बाष्पीभवनात आणि पिकांच्या, गवताच्या मुळांत जातो, काही ओढ्याने वाहून जातो, आणि बेसॉल्ट खडकात मुरणारा वाटा थोडाच असतो. झिजलेल्या बेसॉल्टची पाणी देण्याची क्षमता त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे त्याच गावात 100 हेक्टर ऊस उभा राहिला, तर शिवाराच्या एक दशांश जमिनीवर 200 ते 250 कोटी लिटर, आभाळातून पडलेल्या सगळ्या पाण्याच्या निम्म्याच्या आसपास, खर्च होते. हे पाणी मुरलेल्या पाण्यात बसत नाही. म्हणून बोअर पाचशे फुटांवर जातो, मग सातशे फुटांवर. श्रमदान करणाऱ्या भूमिहीन बाईने उचललेल्या पाट्यांचे पाणी सर्वांत खोल बोअरवाल्याच्या शेतात पोहोचते. हे अन्यायाचे आहे आणि ते असेच म्हटले पाहिजे.

उजनीचे 117 टीएमसीचे धरण आणि तिसांहून अधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट बोलणे सोपे नाही, हे मी जाणतो. पण महाराष्ट्रात हे बोलून, करून दाखवलेली माणसे झाली आहेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगायला हवेत. पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने मिळेल, माणशी अर्धा एकर. भूमिहीनाचाही हक्क राहील. ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, पावसाळा संपला की गावातले पाणी मोजले आणि रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवले. तिथले चर इतर गावांतल्या चरांपेक्षा वेगळे नव्हते. नियम वेगळे होते, आणि ते पाळायला लावण्याची तयारी वेगळी होती.

जलयुक्त शिवार अभियानाबद्दल भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल 2020 मध्ये विधिमंडळात आला. सुमारे 9,633 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकारण भरपूर झाले. आपण, जे प्रत्यक्ष काम करतो, त्यांनी मात्र तो अहवाल आपल्या धंद्याचा अहवाल म्हणून वाचायला हवा होता. नाला खोलीकरणाविरुद्ध प्रा. ह. मा. देसरडा उच्च न्यायालयात गेले तेव्हाही आपल्यातल्या अनेकांनी ती याचिका विकासविरोधी म्हणून बाजूला सारली. पोकलेन दोन दिवसांत जितके उकरतो तितके गाव महिन्यात उकरत नाही, हे खरे. पण खोलवर कापलेला नाला शेजारच्या विहिरींचे पाणी आपल्याकडे ओढून उन्हात उघडे ठेवतो, हेही तितकेच खरे. भूजल तज्ज्ञांनी हे वारंवार सांगितले आहे. 2009 चा महाराष्ट्र भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला शेतीसाठी त्यात प्रतिबंध आहे. आपल्या तालुक्यातल्या बोअरच्या गाड्यांना तो ठाऊक असल्याचे दिसत नाही.

पाण्याबद्दल आपण इतके बोलतो की माती मागे पडते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेला आलेल्या पुराने माढा, मोहोळ, करमाळा आणि सोलापूरच्या दोन्ही तालुक्यांतली शेते पाण्याखाली गेली, आणि पाणी ओसरल्यावर अनेक ठिकाणी मातीच उरली नाही. खरवडून गेलेल्या शेताचा अर्थ आकड्यात पाहू. एका एकरावर एक फूट जाडीचा थर पुन्हा आणायचा तर 435 ब्रास गाळ लागतो, दोन ब्रासच्या टिपरच्या दोनशे अठरा खेपा. पाझर तलावातला गाळ काढून तो अशा शेतांत नेणे हे आजच्या घडीला या जिल्ह्यातले सर्वांत निकडीचे स्वयंसेवेचे काम आहे, कारण त्याने तलावाची देखभाल आणि जमिनीची भरपाई एकाच वेळी होते. मात्र तलावाच्या तळाचा मुरूम दिसेपर्यंत खोदू नका, आणि बांधाच्या पायथ्यापासून अंतर राखा. गाळाच्या हव्यासात भरावाखालची माती उकरल्याचे प्रकार घडतात.

मातीच्या अभ्यासात तर सोलापूर देशाला शिकवणारे गाव आहे. 1933 मध्ये इथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, मशागत आणि ओल टिकवण्याची जी पद्धत बसवली, ती ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ म्हणून ओळखली गेली. मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 ज्वारी आजही रब्बीत उभी राहते, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जमिनीतल्या ओलीवर, एकही पाणी न देता पोटाला भाकरी आणि जनावराला कडबा देणारे पीक ज्या मातीत आहे, तिथल्या जलसंधारणाच्या आराखड्यात ज्वारीला एक ओळ मिळू नये, हे मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण ती हौसेने केलेल्या चुकीची आहे. आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो. स्वयंसेवकांचा गट आला की सर्वांत आधी माळ निवडतो, कारण तिथे कोणाचे पीक नसते. चर काढतो, खड्डे घेतो, गिरीपुष्प आणि सुबाभूळ लावतो, फोटो निघतो. पण सोलापूरचा माळ हे जंगल हरवलेले ठिकाण नाही, ते मुळातच गवताचे राज्य आहे. कुसळी, पवन्या, मारवेल यांच्या मुळांनी धरलेली उथळ माती पाऊस जितका जिरवते तितका उकरलेला माळ जिरवत नाही. मेंढपाळाची चराई त्याच्यावर चालते. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल त्याच्यावर जगतात. माळढोक याच गवतात होता. सत्तरच्या दशकात सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी नान्नजच्या माळावरचे हे पक्षी जगाच्या नजरेस आणले, 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झाले. 8,496 चौरस किलोमीटरच्या त्या अभयारण्याचे क्षेत्र पुढे सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. आता नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. तेव्हा चांगले गवत असलेल्या माळावर चर खणू नका, झाडे लावू नका. तिथे दोन वर्षे चराई आळीपाळीने बंद ठेवणे, वणव्यापासून राखणे, वेडी बाभूळ उपटणे, हे जास्त मोलाचे श्रमदान आहे. पानी फाउंडेशनने वॉटर कपनंतर समृद्ध गाव स्पर्धेत संरक्षित कुरण, मातीचे आरोग्य आणि पाण्याचे व्यवस्थापन हे विषय आणले, ही त्या संस्थेने घेतलेली योग्य दिशा आहे. आपल्यापैकी अनेक जण अजून पहिल्याच वळणावर आहेत.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. पावसाळा सरत आलेला असेल, विहिरी वर्षातल्या सर्वांत वरच्या पातळीला असतील. त्या सभेआधी गावातल्या प्रत्येक बांधावर एकदा चालत जा, सोबत दोन शाळकरी मुले आणि एक महिला बचत गटाची प्रतिनिधी न्या. सांडवा, भराव, बर्गे, चर यांची स्थिती वहीत लिहा. निवडक विहिरी मोजा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेप्रमाणे जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांतही पुन्हा मोजायच्या असे ठरवून टाका. ग्रामसभेत हे आकडे फळ्यावर मांडा, रब्बीतल्या पिकांची मागणी त्याखाली लिहा, आणि तूट दिसली तर कोणते पीक कमी करायचे हा प्रश्न उघड विचारा. उत्तर पहिल्या वर्षी मिळणार नाही, बहुधा भांडण होईल. भांडण झाले तरी इतिवृत्तात ते नोंदवा.

ज्या गावांत हे होईल तिथल्या कार्यकर्त्यांनी, कृषी सहायकांनी, अभियंत्यांनी आपल्या नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात: ओढ्याचे नाव, बांधाचे वर्ष, दुरुस्तीला लागलेले दिवस आणि माणसे, विहिरीची ऑक्टोबर आणि जानेवारीतली पातळी, ग्रामसभेत काय ठरले आणि काय फिसकटले. फसलेली कामे आवर्जून पाठवा. फेब्रुवारीचा अंक आम्ही या नोंदींसाठी राखून ठेवला आहे.